मधोमध बधिर, कडेनं हुळहुळं

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, नळी निघते, टाके सुकतात आणि घरातली माणसं ‘आता बरी झालीस’ असं म्हणू लागतात. नेमक्या त्याच सुमारास बाईच्या लक्षात येतं की आपली कातडी पूर्वीसारखी राहिलेली नाही. व्रणाच्या मधोमध बोट टेकवलं तर बोटाला कातडी कळते, पण कातडीला बोट कळत नाही. तिथून चार बोटं बाजूला मात्र ब्लाउजची शिवण नुसती घासली तरी भाजल्यासारखी आग होते. काखेत जाड घडी अडकल्यासारखं वाटतं, दंडाच्या आतल्या बाजूला मुंग्या येतात आणि मध्येच करंट लागावा तशी सणक जाते. दुखतंय की बधिर आहे, असं तपासताना कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘दोन्ही’ असंच असतं. पण कागदावर त्यातलं एकच लिहिलं जातं.

या दोन तक्रारी एकाच जागी, एकाच कारणानं झालेल्या असल्या तरी त्यांना सांभाळण्याच्या रीती एकमेकींच्या उलट आहेत. बधिर भागाला जपावं लागतं, कारण तो स्वतः ओरडून काही सांगू शकत नाही. हुळहुळ्या भागाला मात्र रोज थोडा थोडा स्पर्श द्यावा लागतो, तरच तो निवतो. घरोघरी नेमकं उलटं घडतं. जे दुखतं ते पदराखाली झाकलं जातं, हात अंगाशी धरला जातो, तिथं कुणाला फिरकू दिलं जात नाही. जे दुखत नाही त्याची आठवणही राहत नाही. पुढचा बराचसा त्रास इथूनच सुरू होतो.

छातीच्या कातडीची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा बरगड्यांच्या मधून येतात. स्तनाकडे प्रामुख्यानं दुसरी ते सहावी या नसा जातात. प्रत्येकीची एक फांदी काखेच्या बाजूनं आणि दुसरी छातीच्या मधल्या हाडाजवळून कातडीत शिरते. स्तनाग्राची जाण मुख्यतः चौथ्या नसेकडे असते. पूर्ण स्तन काढताना या फांद्या स्तनाच्या मांसातून जात असल्यामुळे त्याच्याबरोबरच कापल्या जातात. ती कुणाची चूक नसते. स्तनाग्र राखून केलेल्या शस्त्रक्रियेतही स्तनाग्र जागेवर राहतं, पण त्याची जाण बहुतेक वेळा जाते किंवा खूप कमी होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर त्याचा धक्का मोठा असतो.

काखेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर आणखी एका नसेला धक्का पोचलेला असतो. दुसऱ्या बरगडीखालून निघून काखेच्या चरबीतून आडवी जाणारी आणि दंडाच्या आतल्या बाजूला पोचणारी ही नस, नाव इंटरकॉस्टोब्रेकियल. ज्या चरबीत गाठी असतात त्याच चरबीतून तिची वाट जाते. म्हणून काख पूर्ण साफ करताना ती ताणली जाते किंवा कापावी लागते. नुसती ताणलेली असेल तर काही महिन्यांत बरीच जाण परतते. कापलेली असेल तर काखेत आणि दंडाच्या आत एक पट्टा कायमचा बधिर राहू शकतो. १९९० च्या दशकात सेंटिनेल गाठींची, म्हणजे रोग पसरलाच तर काखेत सगळ्यात आधी जिथं पोचतो त्या पहिल्या गाठींची, तपासणी रूढ होऊ लागली. मोजक्या गाठी काढून भागत असेल तर काखेतला बधिरपणाही कमी होतो, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा.

या नसा फक्त संवेदनेच्या आहेत. त्यांच्यामुळे हाताची ताकद जात नाही. भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून ढकलताना एका बाजूचं पाठीचं फरं, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, पंखासारखं बाहेर येत असेल, तर दुसऱ्याच एका नसेला, स्नायू हलवणारीला, इजा झालेली असते आणि ते सर्जनला दाखवायला हवं. तसंच बोटांची टोकं आणि पावलं दोन्हीकडे सारखीच बधिर झाली असतील, हातमोजे-पायमोजे घातल्यासारखी, तर ते पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाचं काम असतं, शस्त्रक्रियेचं नव्हे. उपाय वेगळे असल्यामुळे या गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

कापलेली नस सुरुवातीचा काही काळ थांबते आणि मग दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीनं वाढते, म्हणजे महिन्याला ३ सेंटिमीटरच्या आसपास. काखेपासून दंडावर १५ सेंटिमीटर खाली जायचं तर पाच-सहा महिने सहज लागतात, आणि तेही वाट मोकळी असली तर. मध्ये व्रणाची गाठ आडवी आली किंवा नसेचा तुकडाच निघाला असला तर ती मूळ जागी पोचत नाही. मग शेजारच्या शाबूत नसा कडेकडेनं आत फांद्या सोडतात आणि बधिर पट्टा बाहेरून आकसत जातो. म्हणून सगळ्यात जास्त हुळहुळेपणा कडेला असतो. तिथं नव्यानं आलेली टोकं अजून कच्ची असतात आणि साध्या स्पर्शालाही इजा समजून निरोप पाठवतात.

फ्रेंच डॉक्टर ज्यूल तिनेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या नसा तपासताना १९१५ मध्ये एक खूण नोंदवली. वाढत असलेल्या नसेच्या टोकावर बोटानं हलकं टिचकवलं की तिच्या प्रदेशात मुंग्या येतात, आणि महिन्यागणिक ही जागा पुढे सरकते. म्हणजे अधूनमधून येणाऱ्या झिणझिण्या आणि क्षणभराच्या सणका वाढीच्याही असू शकतात. सणक आली की रोग परतला, या भीतीनं अनेकींची झोप उडते. सेकंद-दोन सेकंदांत विरणारी, जागा बदलणारी आणि महिन्यांगणिक विरळ होत जाणारी सणक बहुधा नसेचीच असते. बहुतेक फरक पहिल्या वर्षात पडतो आणि पुढे वर्षभर हळूहळू काही ना काही सुधारत राहतं.

आता आधी बधिर भागाकडे. तिथला पहिला शत्रू म्हणजे शेक. आपल्याकडे काहीही आखडलं, ठणकलं की गरम पाण्याची पिशवी येते, आणि ती मायेनं आणलेली असते. पण ‘सोसवेल इतकी गरम’ हे माप तिथं चालत नाही, कारण सोसणारी जाणच तिथं उरलेली नाही. पोटाची किंवा पाठीची कातडी आणून स्तन पुन्हा घडवला असेल तर धोका आणखी वाढतो. त्या कातडीच्या नसा कापलेल्या असतात आणि उष्णता पोचली की रक्ताभिसरण वाढवून ती वाहून नेण्याची तिची क्षमताही कमी झालेली असते. इतरांना कोमट वाटणाऱ्या पिशवीनंही अशा कातडीवर फोड आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून छातीवर, काखेत आणि दंडाच्या आत शेक नको, गरम पट्टा नको, धुरी नको. खांद्यामागे शेकायचं असेल तर तिथं जाण पूर्ण आहे ना हे आधी पाहावं, मध्ये टॉवेलची घडी ठेवावी आणि १०-१५ मिनिटांत थांबावं. बर्फाचंही तसंच. कापडात गुंडाळल्याशिवाय लावू नये, आणि दर दोन-तीन मिनिटांनी उचलून कातडीचा रंग बघावा.

अंघोळीचं पाणी विसणताना हात घालून बघायचा तो शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूचा. शॉवर असेल तर आधी गार नळ, मग गरम. स्वयंपाकघरात फोडणीचे थेंब, कुकरची कड आणि तव्याचा दांडा यांच्याशी दंडाच्या आतल्या बाजूची गाठ पडते. मागच्या शेगडीवरचं काही उचलायला हात पुढे गेला की पुढच्या भांड्याला दंड टेकतो आणि ते कळतच नाही. मोठं, गरम भांडं पुढच्या शेगडीवर आणि मागची शेगडी रिकामी, म्हणजे भांड्यावरून हात न्यावाच लागत नाही, एवढा बदल पुरतो. स्वयंपाक करताना कोपरापर्यंत बाहीचा सुती सदरा अंगात असावा.

पदराच्या पिनेचा विषय क्वचितच कुणी काढतं. बधिर भाग कधी कधी गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत (कॉलरबोन) येतो. साडी नेसून झाल्यावर अंगावरच पिन लावली तर ती कातडीतून आरपार जाऊ शकते आणि संध्याकाळी ब्लाउजवर रक्ताचा डाग दिसेपर्यंत पत्ताही लागत नाही. पिन लावताना दुसऱ्या हाताची दोन बोटं कापड आणि अंग यांच्यामध्ये सरकवावीत. त्या बोटांना टोचणं कळतं. काखेतले केस काढायला ब्लेड, मेण किंवा केस काढायचं मलम, तिन्ही टाळावीत. बॅटरीवर चालणारं ट्रिमर आरशात बघून वापरावं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला छोटा कापही जंतुसंसर्गाची वाट करून देतो.

आणि आरसा. अंघोळीनंतर हात वर करून, चांगल्या उजेडात, दोन मिनिटं. बधिर कातडीला खाज कळत नाही, म्हणून घडीत घाम साचून बुरशी आली तरी ती डोळ्यांनीच सापडते. लालसर ओला पट्टा आणि भोवती बारीक लाल ठिपके, ही तिची खूण. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या दमटपणात हे फार होतं. मऊ कापडानं टिपून कोरडं करावं, चोळू नये. पावडर घडीत थापू नये, घामानं तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब लावू नये. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं दिसतं, मग बुरशी पसरते आणि आधीच नाजूक असलेली कातडी आणखी पातळ होते.

हुळहुळ्या भागाचं काम जास्त वेळखाऊ आहे, आणि तेच सगळ्यात कमी सांगितलं जातं. फिजिओथेरपीच्या खोलीत त्याला डीसेन्सिटायझेशन, म्हणजे कातडीला पुन्हा स्पर्शाची सवय लावणं, म्हणतात. घरी करायला महागाचं काही लागत नाही, पण सुरुवात योग्य वेळी व्हावी लागते. जखम पूर्ण भरलेली, खपली पडून गेलेली, कुठूनही पाणी येत नाही अशी हवी. रेडिएशन चालू असेल तर त्या भागावर हे थांबवायचं. किरणांनी होणारा लालपणा शेवटच्या दिवसानंतर एक-दोन आठवडे वाढू शकतो, तो पूर्ण निवल्यावरच पुन्हा सुरू करायचं.

आधी नकाशा काढावा. कापसाची वात करून तिचं टोक निरोगी कातडीवरून, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडापासून, सरळ रेषेत व्रणाकडे न्यावं. जिथं स्पर्श बदलतो तिथं भुवयांच्या पेन्सिलीनं ठिपका. असं चहूबाजूंनी केलं की दोन रेषा मिळतात. बाहेरची हुळहुळ्या भागाची, आतली बधिर भागाची. फोनवर फोटो काढून तारीख टाकावी आणि महिन्यानं पुन्हा करावं. रोज करू नये, रोजच्या मापात फरक दिसत नाही आणि उगीच निराशा येते. महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की आतली रेषा आकसलेली दिसते, आणि डॉक्टरांशी बोलायलाही ते उपयोगी पडतात.

मग कापडांची पायरी-पायरीनं उतरंड. सगळ्यात आधी फक्त तळहात, न हलवता, घट्ट टेकवलेला. नसेच्या या त्रासात सरकणारा हलका स्पर्श सगळ्यात झोंबतो, स्थिर आणि ठाम दाब बऱ्याचदा सोसवतो. तो जमला की जुनी रेशमी साडी किंवा विटलेलं मलमल, नंतर साधं सुती कापड, मग मऊ नॅपकिन, मग पंचा, मग टर्किश टॉवेल आणि शेवटी खादीसारखं खरबरीत काही. आधी तेच कापड दुसऱ्या, निरोगी बाजूवर फिरवावं, म्हणजे ‘याचा स्पर्श असा असायला हवा’ हे मेंदूसमोर येतं. मग निरोगी कातडीवरून सुरुवात करून हुळहुळ्या पट्ट्यात शिरावं आणि परत बाहेर यावं. आधी बघत, मग डोळे मिटून, पुन्हा बघत. एका वेळी दोन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दिवसातून एकदाच वीस मिनिटं केल्यानं तेवढा गुण येत नाही आणि कातडी चिडते.

किती त्रास चालेल? दहापैकी तीन-चार इतका, आणि तोही अर्ध्या तासात निवला पाहिजे. रात्रीपर्यंत आग राहिली तर एक पायरी खाली उतरावं. हातातलं कापड तीन-चार दिवस नुसतं कापडासारखं वाटलं की वरची पायरी. काहींना एका पायरीवर दोन-तीन आठवडे लागतात, त्यात बिघडत काहीच नाही. कातडी घासून टणक करायची असा हा प्रकार नाही. वारंवार आणि निरुपद्रवी स्पर्श पोचत राहिला की मेंदू त्या निरोपाला धोका मानणं कमी करतो, म्हणून सातत्य ताकदीपेक्षा महत्त्वाचं.

व्रणाचा मसाज हा याचाच जोडीदार. सर्जननं हो म्हटल्यावर, साधारण तीन ते सहा आठवड्यांनी. खोबरेल किंवा बिनवासाचं मलम अगदी थोडं, कारण बोट सरकायला नको असतं. दोन बोटं टेकवून कातडीच खालच्या थरावरून हलवायची, गोल, वर-खाली, आडवी. पाच मिनिटं, दोन वेळा. दाबाचं माप म्हणजे नख किंचित पांढरं होईल इतकाच. बधिर जागी दुखण्याचा इशारा मिळत नसल्यामुळे हे डोळ्यांचं माप सोडू नये, आणि मसाजनंतरची लाली काही मिनिटांत गेली का तेही बघावं. काखेतून कोपराकडे ताणलेल्या दोरीसारखं काही हाताला लागलं तर तेही शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत होणारं परिचित दुखणं आहे. ते स्वतः ओढून तोडू नये. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेल्या ताणानं ते सुटतं. आणि हात अंगाशी धरून ठेवण्याची सवय मोडलीच पाहिजे. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढत जायचं, जिथं ताण लागेल तिथं थोडं थांबायचं, उतरायचं. खांदा आखडला की काखेतली नस पुन्हा पुन्हा ताणली जाते आणि आग वाढते.

कपड्यांबद्दल शिंप्याशी नीट बोलावं, हा खर्च वाया जात नाही. ब्लाउजची काखेतली शिवण हुळहुळ्या पट्ट्यावर बरोबर येते, म्हणून मुंढा एक-दीड इंच सैल ठेवावा आणि आतून मलमलचं अस्तर लावून शिवण त्या अस्तराखाली घ्यावी. हुक पुढे, बाही दंडात न रुतणारी. खणाचं कडक कापड आणि खळ दिलेली नवी सुती साडी पहिले काही महिने बाजूलाच ठेवावी, किंवा दोन-तीन धुण्यांनंतर वापरावी. जरीचा काठ कातडीवर येत असेल तर पदराला आतून मऊ पट्टी लावता येते. मंगळसूत्राच्या वाट्या व्रणावर घासत असतील तर सरळ आखूड करून घ्यावं. गाडीत पट्टा लावताना पट्टा आणि छाती यांमध्ये छोटी मऊ उशी ठेवावी. ती पातळ असावी, पट्टा ढिला पडता कामा नये. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जखम पूर्ण भरल्यावरच. तोवर हलका, कापसाचा किंवा सुती धाग्यानं विणलेला. सिलिकॉनखाली घाम साचतो, त्यामुळे सुती खिशाची ब्रा, रोज सौम्य साबणानं धुणं आणि घरी असताना काही तास मोकळं राहणं. पट्टी खांद्यात रुतून खळगा पडत असेल तर मापच चुकलेलं असतं.

एवढं करूनही आग, सणक, झोपमोड तीन महिन्यांहून जास्त टिकली तर तिला शस्त्रक्रियेनंतरचं जुनाट दुखणं म्हणतात आणि ते अनेकींना होतं. ‘चालायचंच’ म्हणून सोसू नये. पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, म्हणून गोळी घेऊनही दुखतंय याचा अर्थ ते मनाचे खेळ आहेत असा होत नाही. यासाठी वेगळी औषधं आहेत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, रात्री अगदी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन. यांनी गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, आणि ती हळूहळू वाढवावी आणि हळूहळूच बंद करावी लागतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोन-उपचाराची गोळी) चालू असणाऱ्या बाईनं एक गोष्ट न विसरता सांगावी. नसेच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ड्युलॉक्सेटिन, किंवा मनासाठी दिली जाणारी पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, ही औषधं टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाला लावणाऱ्या एन्झाइमच्या आड येतात. दुसरा पर्याय असतो, फक्त डॉक्टरांपुढे दोन्ही चिठ्ठ्या एकत्र ठेवायला हव्यात. लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी हुळहुळ्या भागावर १२ तास लावून १२ तास काढून ठेवायची असते, अखंड कातडीवरच. त्यानंही भागलं नाही तर वेदनातज्ज्ञ त्या नसेभोवती इंजेक्शन देऊ शकतात.

नवरा-बायकोत या विषयावर शांतता पसरते ती बहुधा गैरसमजातून. त्यानं हळुवार हात लावला आणि ती दचकून मागे झाली की तो पुन्हा हात लावत नाही. त्याला वाटतं तिला नको आहे, तिला वाटतं त्याला किळस आली. खरं कारण वर आलंच आहे. हळुवार स्पर्शच सगळ्यात झोंबतो. तळहात ठामपणे आणि न हलवता ठेवायला सांगावं, कुठं चालतं आणि कुठं नाही हे तिनंच त्याचा हात धरून दाखवावं. गेलेल्या जाणिवेचं दुःख यानं भरून येत नाही. ते खरं नुकसान आहे, आणि ‘जीव वाचला ना’ असं म्हणून ते कुणी पुसून टाकू नये.

काही खुणांना मात्र वाट बघायची नसते. कातडी लाल, गरम, सुजलेली आणि सोबत ताप १०० च्या वर, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. व्रणात किंवा काखेत नवी गाठ, आकसत चाललेला बधिर पट्टा पुन्हा पसरू लागणं, हात जड होऊन बांगडी घट्ट होणं, ही दाखवायची लक्षणं. रेडिएशन झालेल्या बाईला काही वर्षांनी बोटांत बधिरपणा आणि हातात अशक्तपणा आला तर तो मानेचा त्रास समजून मालिश करत बसू नये, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावं.

ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी आधीच्या भेटीत सर्जनला तीन गोष्टी विचाराव्यात. काखेतल्या किती गाठी काढणार, त्या आडव्या जाणाऱ्या नसेला वाचवता येण्यासारखं आहे का, आणि नंतर नेमका कुठला भाग बधिर राहण्याची शक्यता आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नये. छातीचं आणि हाताचं साधं चित्र कागदावर काढून, त्यावर पेननं भाग दाखवायला सांगावं आणि तो कागद फाइलमध्ये लावून ठेवावा.